सवय असेल ना तुला

दर्शना साळवेला बर्गरच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा तिच्या आईने ठाकुर्लीच्या त्यांच्या चाळीत घरोघरी पेढे वाटले. दर्शनाला लाज वाटली.

"आई, पार्टटाइम आहे गं. कॉलेजची किती पोरं करतात," ती म्हणाली.

पण आई, रमाबाई, ऐकेना. नवरा गेल्यावर ती त्याच्या जागी पालिकेत सफाई खात्यात लागलेली. तेव्हापासून रस्ते झाडणं आणि गटाराच्या कडेचा गाळ उपसणं हेच तिचं काम. आपल्या झाडूला पोरीचा हात लागू द्यायचा नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलेलं. आणि आता तीच पोरगी ठाण्यात, एसीत, टोपी घालून आणि छातीवर नावाची पट्टी लावून इंग्रजीत बोलणार होती. पेढे कमीच होते, असं रमाबाईचं मत.

दुकान कोलशेतच्या बाजूला, नव्या टॉवरांच्या खाली होतं. सगळी काच, आत लाल-पिवळ्या खुर्च्या. तिथली पोरं त्याला दुकान म्हणत नसत, 'स्टोअर' म्हणत. मॅनेजर ऋतुराज पंचविशीचा, हसरा, सगळ्यांना 'चॅम्प' म्हणणारा. मुलाखतीत त्याने दर्शनाला थोडं इंग्रजी बोलायला लावलं, सकाळची शिफ्ट चालेल का विचारलं, आणि मग सहज म्हणाला, "आई-बाबा काय करतात?"

"बाबा नाहीत. आई पालिकेत आहे."

"अरे वा. ऑफिसात?"

"नाही सर. सफाई खात्यात."

ऋतुराजने मान डोलावली. "मस्त. मेहनती फॅमिली. आपल्याला अशीच मुलं पाहिजेत."

दर्शनाला ते ऐकून बरं वाटलं. घरी येऊन तिने आईलाही ते सांगितलं.

खोटं कशाला सांगा, सुरुवातीला तिला मजा आली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलायचं, मशीनवर ऑर्डर घ्यायची, एकीकडे फ्राइज काढायच्या, दुसरीकडे कोल्ड्रिंकचा ग्लास भरायला लावायचा. कॉलेजात मागच्या बाकावर बसून कधी तोंड न उघडणारी दर्शना इथे दिवसभर बोलत होती. रसिका नावाची एक मुलगी तिच्याबरोबर लागलेली, वर्तकनगरची. दोघींची चांगली गट्टी जमली. ब्रेकमध्ये मागच्या जिन्यात बसून त्या एकाच डब्यातून खायच्या, कारण दुकानातलं खायची दोघींनाही लवकरच शिसारी बसलेली.

मग एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ऋतुराजने तिला मागे बोलावलं. भांडी धुवायच्या सिंकच्या खाली जमिनीलगत एक स्टीलची पेटी होती. तिला सगळे 'ट्रॅप' म्हणत. सिंकमधलं पाणी आधी त्या पेटीत जायचं. तेल आणि खरकटं तिथे अडायचं आणि उरलेलं पाणी गटारात जायचं. अडलेलं मात्र कोणीतरी हाताने काढावं लागायचं.

"सर, हे कोण करतं?" दर्शनाने विचारलं.

"रोटेशन असतं. आज तू घे." तो मोबाइलमध्ये बघतच म्हणाला, "सवय असेल ना तुला."

तो हे काही वाईट तोंड करून म्हणाला नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याला येणारंच गणित घालावं, तसं म्हणाला. त्यामुळे दर्शनाला लगेच कळलंही नाही. ती खाली बसली, झाकण उचललं, आणि मग तिला त्या वाक्याचा अर्थ कळला. पण तोवर वास नाकात गेलेला.

कुजलेली अंडी, आंबलेलं दूध आणि कित्येकदा तापवलेलं तेल एकत्र केलं तर असा वास येईल. वर पिवळट पांढरी, बोटभर जाड साय जमलेली. मगाने ती फोडली की खालचं तपकिरी पाणी वर यायचं, त्यात कोंबडीची कातडी, पावाचा फुगलेला लगदा, कोबीच्या काळ्या पडलेल्या चिंध्या, कुणाचे तरी केस. हातमोजे होते, पण बर्गर भरताना घालतात तेच, पातळ प्लॅस्टिकचे. पहिल्याच मगाला ते फाटले आणि ती चिकट घाण तिच्या नखांत गेली. ती तिथेच बादलीत ओकली, आणि मग आपली ओकारीही तिनेच उचलली.

दुकान उघडलं तेव्हा ती काउंटरवर उभी होती. साबणाने चार वेळा हात धुऊनही बोटांना तोच वास. समोर एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभ्या. मुलाने हात पुढे केला आणि दर्शनाने त्याच बोटांनी त्याच्या हातात बर्गर दिला. "एन्जॉय युअर मील," ती हसून म्हणाली. हसताना तिच्या घशात पुन्हा कडू पाणी आलं.

रोटेशन कधी फिरलंच नाही. आठवड्यामागून आठवडे गेले, ट्रॅप दर्शनाकडेच राहिला. कधी रसिकाला पाळी आलेली असे, कधी किचनमधल्या साईनाथची परीक्षा असे, कधी नवीन मुलाला 'अजून शिकायचंय' असं असे. एकदा जिन्यात डबा खाताना दर्शना रसिकाला म्हणाली, "तू कर ना एकदा. मला खरंच नको झालंय."

रसिकाने नाक दाबलं. "ए बाई, मला नाही जमणार. आणि आमच्या घरी कळलं ना मी असलं काम करते, तर आई मला किचनमध्ये पाऊल टाकू देणार नाही. देव आहेत आमच्याकडे."

असं म्हणून तिने दर्शनाच्या डब्यातली भाजी घेतली. आपण काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. दर्शनाने डबा तिच्याकडे सरकवला आणि ती उठली. त्या दिवसानंतर तिला रसिकाबरोबर जेवण जाईना.

वास अंगातून जात नव्हता. केसांत, बुटांत, बॅगेच्या पट्ट्यात तो बसलेला. संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी आली की गल्लीतली कुत्री उठायची आणि तिच्या मागे मागे यायची, बूट चाटायची. पोरं हसायची, "दर्शनाताई आली, चिकन आलं." ती बूट बाहेर काढून ठेवायची तर कुत्री ते पळवून न्यायची. ती अंघोळीला बसली की बराच वेळ बाहेर येत नसे, आणि रमाबाई बाहेरून ओरडायची, "अगं, पाणी संपवतेस काय सगळं?"

शेवटी दर्शनाने एक दिवस आईचे हातमोजे उचलले. दाराच्या मागे खिळ्याला लटकलेले, कोपरापर्यंत येणारे काळे रबरी मोजे. युनियनने किती वेळा मोर्चे काढून ते मिळवलेले, हे रमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या दिवशी तिची सुट्टी होती, म्हणून तिला कळणार नाही असं दर्शनाला वाटलं.

पण रमाबाईला कळलं. दर्शना घरी आली तर आई दारातच बसलेली.

"मोजे कुठं आहेत माझे?"

दर्शनाने बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. रमाबाईने मोजे बाहेर काढले आणि लगेच तोंड फिरवलं. बोटांच्या फटींत पिवळी चरबी थिजलेली होती.

"हे काय आहे?"

"किचन साफ करावं लागतं कधी कधी."

"किचन? कोपरापर्यंत हात घालून किचन साफ करतात?" रमाबाईचा आवाज चढला. "खरं सांग दर्शना."

दर्शनाने सगळं सांगितलं. 'सवय असेल ना' हे ती सांगणार नव्हती, पण तेही तोंडातून निघून गेलं.  रमाबाईने मोजे उचलले, नळावर नेले आणि ती ते राखेने खसखसा घासायला लागली. घासता घासता तिचं तोंड सुटलं.

"मी करते ते उघड्यावर करते. लोकांना माहितीये ही बाई झाडते, हिला त्याचा पगार मिळतो, हिची नोकरी पक्की आहे, हिच्या मागे युनियन आहे. तुला तर टोपी घालून फसवलं गं! घाण तीच, आणि वरून हसायचं? सोड उद्यापासून."

"सोडून काय करू? कुठेही गेलं तरी अनुभव विचारतात."

"कसला अनुभव? ह्याचा?" रमाबाईने मोजा तिच्यासमोर धरला.

"तुला नाही कळायचं," दर्शना म्हणाली. बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. रमाबाईने मोजे परत खिळ्याला लावले नाहीत. आत नेऊन ट्रंकेत टाकले.

दुसऱ्या दिवशी दर्शना ऋतुराजकडे गेली. "सर, ट्रॅप दर वेळी मलाच का?"

"अरे चॅम्प, नाराज झालीस?" तो खुर्चीतून उठलासुद्धा. "तू करतेस तसं कोणी करत नाही. बाकीचे वरवर करतात, मग पाणी तुंबतं. तू माझी बेस्ट आहेस. पुढच्या महिन्यात ट्रेनरचं बघतोय मी तुझ्यासाठी. आपण फॅमिली आहोत ना?"

ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ह्या गोड बोलण्याला कुठे धरायचं तेच तिला कळेना. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा ट्रॅपसमोर बसली.

त्याच सुमारास दर्शनाच्या कॉलेजात, डोंबिवलीला, 'कमवा आणि शिका' असा कार्यक्रम ठरला. कॉमर्सच्या विनिता मॅडमनी तो ठरवलेला. ऋतुराजला नवी मुलं हवी होती. त्याने दर्शनाला बरोबर घेतलं. "तुझं कॉलेज आहे. तू बोललीस तर पोरांना भरोसा वाटेल. काय शिकलीस ते सांग, बस."

हॉल भरलेला होता. विनिता मॅडम आधी बराच वेळ बोलल्या. परदेशात मोठमोठ्या लोकांची मुलंसुद्धा सुट्टीत बशा धुतात. कोणतंही काम हलकं नसतं. आपल्याकडच्या मुलांना श्रमाची लाज वाटते, म्हणून आपण मागे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ऋतुराजने स्क्रीनवर फोटो दाखवले. टोपी घातलेली हसरी मुलं, केक कापणारी मुलं, हातात सर्टिफिकेट घेतलेली मुलं. आणि मग दर्शनाच्या हातात माइक आला.

तिने ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. इंग्रजी सुधारलं, आत्मविश्वास आला, वेळेचं महत्त्व कळलं. ह्यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. रुचिता नाव, पहिल्या वर्षाची, बारीक आवाजाची.

"ताई, पण नक्की काम काय असतं? म्हणजे सकाळी गेल्यावर पहिलं काय करता तुम्ही?"

दर्शना आठवू लागली. सकाळी गेल्यावर पहिलं काय करते?

"पहिलं मी ट्रॅप काढते," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. पेटी कुठे असते, आत काय असतं, ते कशाने काढतात, मोजे कसे फाटतात, सगळं तिने सांगितलं. पुढच्या रांगेतल्या मुली "ईईई" करून तोंडावर ओढणी धरू लागल्या. मागे कोणीतरी हसलं.

विनिता मॅडम घाईने उठल्या. "हेच तर मी म्हणत होते! श्रमाची प्रतिष्ठा. दर्शनाला त्याची लाज नाही, बघा."

"मॅडम, लाजेचं नाही बोलत मी," दर्शना म्हणाली. "प्रतिष्ठेचं काम असेल तर ते सगळ्यांच्या वाट्याला यायला पाहिजे ना? आमच्याकडे ते मला एकटीलाच देतात. माझी आई सफाई खात्यात आहे, म्हणून."

 विनिता मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. ऋतुराजने मात्र हसत हसत माइक घेतला. "आमची दर्शना एकदम ऑनेस्ट आहे. अशीच मुलं आम्हाला आवडतात. चला, ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी इकडे या."

आणि मुलं उठली. दर्शनाला वाटलेलं, कोणी येणार नाही. पण टेबलापाशी रांग लागली. मघाशी 'ईईई' करणाऱ्यांतल्याही दोघी त्या रांगेत होत्या. रुचिताही होती. दर्शना बाजूला उभी राहून बघत होती. कोणी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

परतताना रिक्षात ऋतुराज खूश होता. ती त्याच्या रागावण्याची वाट बघत होती, तर तो म्हणाला, "तू बोललीस ते बरंच झालं, खरं सांगू? आता जी येतील ती सगळं माहीत असूनच येतील. मागाहून रडारड नाही."

 दर्शनाने पोटातलं सगळं सांगितलं होतं आणि ह्याने त्याचंही खत केलं होतं.  तिने रिक्षाची दांडी धरली आणि घर येईपर्यंत तोंड मिटून घेतलं, उघडलं असतं तर ओकारीच आली असती.

दिल्या शब्दाप्रमाणे त्याने तिला ट्रेनर केलं. टोपीचा रंग बदलला, पगार थोडा वाढला. रमाबाईला तिने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग आता ती पेटी कोण काढणार?"

त्याचं उत्तर दर्शनाला सोमवारी मिळालं. कॉलेजातून आलेली तिघं नवी मुलं किचनमध्ये उभी होती. एक उंच मुलगा, चष्मा लावलेला, इंग्रजी शाळेतला. एक गोरी, नखांना रंग लावलेली मुलगी. आणि रुचिता, अंगात ढगळ टी-शर्ट, पायांत झिजलेल्या चपला, कारण बूट अजून मिळाले नव्हते.

ऋतुराजने दर्शनाला बाजूला घेतलं. "ट्रॅप ह्यातल्या कोणाला द्यायचा ते तू ठरव. तू आता लीडर आहेस. जो कुरकुर करणार नाही असा बघ."

दर्शनाने वळून बघितलं. आणि तिची नजर सरळ रुचितावर गेली.

कोणी शिकवलं नव्हतं. तिने विचारही केला नव्हता. चष्मेवाला नाही, नखंवाली नाही. नजर त्या झिजलेल्या चपलांवर जाऊन थांबली, आणि मनात शब्दही आले होते: हिला जमेल. हिला सवय असेल.

तिला स्वतःची जितकी किळस आली, तितकी त्या पेटीची कधी आली नव्हती. पेटीची घाण निदान बाहेरून हाताला लागत होती. ही आतून आलेली. ऋतुराज मुलाखतीच्या टेबलामागे बसून जे बघायचा, तेच बघायला तीही शिकली होती. इंग्रजी, आत्मविश्वास, वेळेचं महत्त्व, आणि हेही.

"सर, मी नाही ठरवणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे चिठ्ठ्या टाका. तुमच्या नावाचीही एक टाका त्यात."

ऋतुराज हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "दर्शना, नाटक नको. ओपनिंगची वेळ आहे."

"नाटक नाही. नाहीतर मी चालले."

"जा मग," तो पहिल्यांदाच कडक आवाजात म्हणाला. "बाहेर रांग आहे. तूच तर आणलीस."

ते खरंच होतं.  तिने टोपी काढून टेबलावर ठेवली. जाताना तिने रुचिताला हाताने बाजूला बोलावलं. "घरून जाड मोजे आण," ती म्हणाली. "आणि तुझे आई-वडील काय करतात ते ह्याला सांगितलंस का?"

"हो ताई. मुलाखतीतच विचारलं. आई घरकाम करते."

दर्शना मागच्या दाराने बाहेर पडली.

दोन महिने ती घरी बसली. रमाबाईने एकदाही टोमणा मारला नाही. उलट शेजारणींना सांगे, परीक्षा जवळ आली म्हणून सोडली. मग मानपाड्याच्या एका कारखान्यात, माल पाठवायच्या ऑफिसात जागा निघाली, आणि दर्शना तिथे गेली. प्रभाकर नाईक म्हणून साहेब होते, पन्नाशी उलटलेले, शर्टच्या खिशात तीन पेनं. त्यांनी तिचा कागद वाचला आणि चष्मा वर केला.

"बर्गरच्या दुकानात होतीस? वर्षभर?"

"हो सर."

"मग काळजीच नाही. तिथून आलेली मुलं मी डोळे झाकून घेतो." ते बाजूच्या क्लार्ककडे बघून म्हणाले, "उलट बोलत नाहीत. सांगाल ते करतात. तिथे चांगलं वळण लागतं हो."

क्लार्कने मान डोलावली. नाईक साहेबांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

तिला आईला दिलेलं उत्तर आठवलं: कुठेही गेलं तरी अनुभव विचारतात. इथे तो विचारला होता, आणि त्याची किंमतही केली होती. वर्षभर पेटीसमोर मान खाली घालून ती जे काही शिकली, त्यातलं ह्या माणसाला हवं होतं ते एवढंच. सर, मी तिथून उलट बोलूनच बाहेर पडले, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण बाहेर बाकावर अजून चारजणी बसल्या होत्या, आणि घरी दोन महिने आई एकटीच राबत होती.

"थँक यू सर," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू कसं आणायचं हे तिला आता विचार न करताही येत होतं.

घरी आल्यावर रमाबाईने विचारलं, "काय म्हणाले?"

"घेतलं मला."

"अनुभवाचं विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, तिथून आलेली मुलं उलट बोलत नाहीत."

रमाबाईने हातातलं पीठ परातीत आपटलं. "आणि तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले."

 रमाबाई उठली, मोरीत गेली आणि थुंकली. परत येऊन भाकरी थापायला बसली. दर्शना तिच्यासमोर बसून राहिली. थुंकावंसं तिलाही वाटत होतं, पण तोंड कोरडं पडलं होतं.